कचरा आमच्या दारात, मग वीज कुणाच्या घरात?

देवनारचा कचऱ्याचा डोंगर आता उचलला जाणार, असे सांगितले जात आहे. १९२७ पासून मुंबई शहर आपली घाण जिथे नेऊन टाकत आले, त्या सव्वातीनशे एकरांच्या डम्पिंग ग्राउंडवरील सुमारे १८५ लाख टन जुना कचरा तीन वर्षांत हलवण्यासाठी महापालिकेने २०२५ मध्ये २,३०० कोटी रुपयांहून अधिक खर्चाची निविदा काढली. त्याआधी २०२४ मध्ये राज्य सरकारने याच जागेपैकी सुमारे १२४ एकर जमीन धारावी पुनर्विकासासाठी देण्याचा निर्णय घेतला. वर्तमानपत्रांतून चर्चा झाली ती जमिनीच्या भावाची, ठेकेदाराची आणि कोणत्या उद्योगपतीचा किती फायदा याची. ती चर्चा आवश्यकच आहे. परंतु या डोंगराच्या पोटात जमिनीशिवाय आणखी एक संपत्ती आहे आणि तिच्याबद्दल कुणीच बोलत नाही. ती संपत्ती म्हणजे कचऱ्यातून निघणारा गॅस!

भाजीपाला, उष्टे अन्न, कागद, लाकूड असा ओला कचरा थरावर थर दाबला गेला की आत हवा पोहोचत नाही. तिथे हवेशिवाय जगणारे जंतू तो कचरा कुजवतात आणि त्यातून गॅस तयार होतो. या गॅसमध्ये साधारण निम्मा मिथेन आणि उरलेला बहुतांश कार्बन डायऑक्साइड असतो. मिथेन म्हणजे स्वयंपाकाच्या बायोगॅसमध्ये जळतो तोच. तो पकडला तर इंधन आणि मोकळा सोडला तर संकट. हवेत त्याचे प्रमाण ५ ते १५ टक्के झाले की एका ठिणगीने स्फोट होतो. वातावरणात गेला तर वीस वर्षांच्या हिशेबात तो कार्बन डायऑक्साइडच्या ऐंशी पटींहून अधिक पृथ्वी तापवतो. डम्पिंगला वारंवार आगी का लागतात, याचे मोठे उत्तर या गॅसमध्ये आहे.

जानेवारी २०१६ मध्ये देवनार पेटले. धूर इतका होता की तो उपग्रहाच्या छायाचित्रांत दिसला. मार्चमध्ये पुन्हा आग लागली. त्या वेळी काय झाले ते आठवा. आग कचरावेचकांनी आणि भंगारवाल्यांनी लावली, असा गवगवा झाला. काही भंगारवाल्यांना अटक झाली. कचरावेचकांना आत जाण्यास मज्जाव झाला, पहारे वाढले. धातू मिळवण्यासाठी कुणी काही जाळले असेल तर त्याचा तपास जरूर करावा. परंतु जो गॅस पकडण्याची जबाबदारी कायद्याने महापालिकेवर होती, तो न पकडल्याबद्दल किती अधिकाऱ्यांना आरोपीच्या पिंजऱ्यात उभे केले गेले? दोष गरिबाचा आणि दुर्लक्ष मात्र कुणाचेच नाही, ही आपल्या व्यवस्थेची जुनीच रीत आहे!

देवनारच्या पायथ्याशी कोण राहते, हे आमच्या वाचकांना सांगण्याची गरज नाही. १९७२ च्या दुष्काळात मराठवाड्यातून, विदर्भातून पोट हातावर घेऊन आलेले बौद्ध, मातंग आणि इतर दलित, उत्तरेतून आलेले मुसलमान, शहराच्या इतर भागांतून झोपड्या तोडून इथे आणून टाकलेले कष्टकरी. शिवाजीनगर, बैंगनवाडी, रफिकनगर ही त्यांचीच वस्ती. २००९ च्या मुंबई मानव विकास अहवालात सर्व वॉर्डांत एम-पूर्व विभाग सर्वांत तळाशी होता. शहराचा कचरा जिथे टाकतात तिथेच शहराने नको असलेली माणसेही टाकली. गावकुसाबाहेर महारवाडा ठेवणाऱ्या व्यवस्थेने शहरात आल्यावर गावकूस सोडले नाही. तिने त्याचे नाव फक्त डम्पिंग ठेवले.

हे केवळ आपल्याकडेच घडते असे नाही. अमेरिकेत नॉर्थ कॅरोलायना राज्यातील वॉरेन परगण्यात विषारी मातीचे डम्पिंग काळ्या लोकांच्या वस्तीजवळ आणले, तेव्हा १९८२ मध्ये लोक ट्रकांच्या आडवे झोपले आणि शेकडोंनी अटक करवून घेतली. पर्यावरणीय न्यायाची चळवळ तिथून जगभर पोहोचली. कचऱ्याला तिथे वर्ण असतो, इथे जात असते.

आता कायदा काय म्हणतो ते पाहू. घनकचऱ्याचे पहिले नियम केंद्र सरकारने २००० मध्ये केले आणि २०१६ मध्ये त्यांच्या जागी नवे आणले. दोन्हींत तरतूद स्पष्ट होती. भरावभूमीवर गॅस गोळा करण्याची यंत्रणा बसवावी. गोळा झालेला गॅस शक्यतेनुसार उष्णतेसाठी किंवा वीजनिर्मितीसाठी वापरावा. ते जमत नसेल तर तो जाळून टाकावा, थेट हवेत सोडू नये. मिथेनचे प्रमाण स्फोटाच्या किमान मर्यादेच्या चौथ्या हिश्शापुढे जाऊ नये, हेही लिहिले होते. म्हणजे गॅसपासून वीज ही कुणा संशोधकाची हौस नव्हे. सरकारने स्वतःच घालून घेतलेली ती जबाबदारी आहे. २००७ मध्ये अमेरिकेच्या पर्यावरण खात्याच्या कार्यक्रमाखाली देवनारच्या गॅसची चाचणी आणि पूर्वतपासणीही झाली होती. अभ्यास झाला, अहवाल झाला आणि नऊ वर्षांनी डोंगर पेटला!

मुंबईतच एक वेगळे उदाहरण घडले, ते गोराईचे. बोरिवली पश्चिमेच्या खाडीकाठी सुमारे वीस हेक्टरांवर १९७२ पासून कचरा पडत होता. रहिवासी न्यायालयात गेले आणि २००७ च्या अखेरीस तिथे कचरा टाकणे थांबले. डोंगराला उतार दिला, प्लास्टिकचे अस्तर आणि माती घातली, विहिरी खोदून गॅस गोळा करण्याची आणि जाळण्याची व्यवस्था केली. वातावरणात जाणारा मिथेन रोखला म्हणून कार्बन क्रेडिट मिळणार होते. त्याच्या हिशेबात आशियाई विकास बँकेच्या कार्बन निधीतून महापालिकेला आगाऊ रक्कम मिळाली. गोराईत गवत उगवले, वास गेला. याचा आम्हाला आनंदच आहे. परंतु प्रश्न दोन उरतात. पहिला, गोराईला जे जमले ते देवनारला का जमले नाही? दुसरा, ज्या कचऱ्याच्या गॅसवर आंतरराष्ट्रीय बाजारात पैसे मिळाले, तो कचरा वर्षानुवर्षे हातांनी वेगळा करणारी बाई त्या व्यवहारात कुठे होती? करार झाला महापालिका, ठेकेदार आणि बँक यांच्यात. कचरावेचक त्यात पक्षकार नव्हता.

इथे छोट्या टर्बाइनचा विषय येतो. गॅसपासून वीज म्हटले की आपल्याकडे लगेच शेकडो कोटींचा प्रकल्प, मोठी कंपनी आणि मंत्र्यांच्या हस्ते भूमिपूजन डोळ्यासमोर येते. वास्तविक या कामासाठी ३० किलोवॅटपासून २५० किलोवॅटपर्यंतची लहान यंत्रे गेल्या पंचवीस वर्षांपासून वापरात आहेत. तीस किलोवॅटचे टर्बाइन एका मोठ्या कपाटाएवढे असते. विहिरीतून पाइपाने ओढलेल्या गॅसमधील पाणी आधी काढतात, गॅस गाळतात, दाब वाढवतात आणि तो हवेबरोबर जाळतात. तापलेल्या वायूच्या झोताने चाक मिनिटाला हजारो फेरे फिरते आणि त्याच आसावर बसवलेले जनित्र वीज देते. बाहेर पडणाऱ्या उष्णतेवर पाणी तापवता येते. मिथेन ३५ टक्क्यांपर्यंत उतरला तरी यातील काही यंत्रे चालतात. म्हणजे जुन्या, गॅस कमी झालेल्या डम्पिंगवरही त्यांचा उपयोग होतो. एक यंत्र बंद पडले तर बाकीची चालू राहतात. गॅस कमी झाला तर काही यंत्रे उचलून दुसऱ्या डम्पिंगवर नेता येतात.

दोषही सांगितले पाहिजेत. मोठ्या गॅस इंजिनापेक्षा ही यंत्रे इंधनातून कमी वीज काढतात आणि दर किलोवॅटला महाग पडतात. शाम्पू, सौंदर्यप्रसाधने यांतून कचऱ्यात येणारी सिलिकॉनची संयुगे गॅसबरोबर आत गेली तर पात्यांवर वाळूसारखा थर जमतो. त्यामुळे गॅस नीट गाळावा लागतो आणि त्याला खर्च येतो. आपला कचरा ओला आणि लवकर कुजणारा. त्यामुळे गॅस लवकर वर चढतो आणि लवकर उतरतो. तळाला अस्तर आणि वर झाकण नसलेल्या डम्पिंगमधून तो सगळा पकडताही येत नाही. जो कुणी याला जादूची कांडी म्हणून विकायला येईल, त्याला दारातूनच परत पाठवावे.

परंतु हे होत नाही असे कुणी म्हणू नये. लॉस एंजेलिस शहराने लोपेझ कॅन्यन या बंद डम्पिंगवर २००१ मध्ये ३० किलोवॅटची ५० टर्बाइन बसवून दीड मेगावॅटचे केंद्र उभे केले. त्याहून बोलके उदाहरण इलिनॉय राज्यातील अँटिओक या गावाचे आहे. गावाजवळचे बंद डम्पिंग इतके दूषित होते की केंद्र सरकारच्या घातक जागांच्या यादीत त्याचे नाव होते. २००३ मध्ये तिथला गॅस पाइपाने गावच्या हायस्कुलाकडे नेला आणि ३० किलोवॅटची १२ टर्बाइन बसवली. शाळेला त्यातून वीज मिळाली आणि कडाक्याच्या थंडीत वर्ग गरम ठेवायला उष्णताही मिळाली. ज्या गावाने डम्पिंगचा त्रास काढला, त्याच गावच्या मुलांच्या शाळेत त्याचा दिवा लागला. त्या गावात बहुसंख्य गोरे लोक राहतात, हेही लक्षात घ्यावे. न्याय तंत्रज्ञानातून आपोआप येत नाही. शेजाऱ्याला आवाज असेल तर येतो.

आता आपल्याकडचा साधा हिशेब करू. २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या उपग्रह अभ्यासात दिल्ली, लाहोर आणि ब्यूनोस आयरेसबरोबर मुंबईच्या डम्पिंगचेही मोजमाप झाले. कांजुरमार्गहून तासाला सुमारे ९.८ टन मिथेन हवेत जात असल्याचे त्यात आढळले. एक किलो मिथेन जळला की सुमारे १४ युनिट इतकी उष्णता मिळते. छोटे टर्बाइन त्यातील साधारण चौथा हिस्सा विजेत उतरवते, म्हणजे किलोमागे साडेतीन युनिट. ते मोजमाप रोजचे नाही आणि सगळा गॅस हाती लागत नाही, म्हणून आपण चौथाच हिस्सा धरू. तरी तासाला साडेआठ हजार युनिट होतात. महिन्याला १०० युनिट वापरणाऱ्या साठ हजारांच्या आसपास घरांची ही वीज झाली! कांजुरमार्गला गॅसपासून थोडी वीज केली जाते. पण उपग्रहाला जे दिसले, तो हातातून निसटलेला गॅस होता. वस्तीत वीजबिल थकले की मीटर काढून नेणारी व्यवस्था डोळ्यांदेखत एवढी वीज हवेत उधळते. याला काय म्हणायचे?

देवनारची गोष्ट थोडी वेगळी आहे. तिथला जुना कचरा खणून, चाळून हलवायचा आहे. कचरा उकरला की आत हवा शिरते आणि मिथेन तयार होणे थांबते. त्यामुळे उद्या हलवायच्या ढिगात आज विहिरी खोदून वीजकेंद्र उभारा, असे आम्ही म्हणणार नाही. छोट्या टर्बाइनची जागा कांजुरमार्गसारख्या चालू भरावभूमीवर आहे. राज्यातील ज्या शहरांचे जुने ढीग एवढ्यात हलणार नाहीत, तिथेही ती आहे. पुण्याजवळची उरुळी देवाची आणि फुरसुंगी, नागपूरचे भांडेवाडी, छत्रपती संभाजीनगरचे नारेगाव, जिथे २०१८ मध्ये लोकांनी कचऱ्याच्या गाड्या अडवल्या, या गावांनी वास घेतला, पाणी घालवले. तिथे गॅस उरला असेल तर आधी तो मोजा आणि मग बोला.

आणखी एक सावधगिरी हवी. ‘कचऱ्यापासून वीज’ या एकाच नावाखाली दोन वेगळ्या गोष्टी विकल्या जातात. एक, कुजलेल्या कचऱ्याचा गॅस पकडून वीज. दुसरी, कचराच भट्टीत घालून जाळणे. भट्टीला जळणारा माल लागतो. म्हणजे कागद, पुठ्ठा, प्लास्टिक. नेमका हाच माल कचरावेचकाची रोजची भाकरी आहे. भट्टी त्याच्या हातातला माल हिसकावते आणि राख व धूर पुन्हा त्याच्याच वस्तीत सोडते. गॅसचे टर्बाइन त्याच्या भाकरीला हात लावत नाही, कारण ते ओल्या कचऱ्यावर चालते. आपल्या कार्यकर्त्यांनी हा फरक घोकून ठेवावा.

ओला कचरा डम्पिंगवर जाण्याआधीच त्याचा बायोगॅस करणे याहून चांगले. भाभा अणुसंशोधन केंद्राने त्यासाठी निसर्गऋण नावाचे संयंत्र तयार केले आणि स्त्रीमुक्ती संघटनेने प्रशिक्षण दिलेल्या कचरावेचक भगिनींनी अशी बायोगॅस संयंत्रे चालवून दाखवली. पुण्यात ‘स्वच्छ’ ही कचरावेचकांची सहकारी संस्था २००८ पासून घरोघर कचरा गोळा करते. तिच्या सभासदांत बहुतांश दलित स्त्रिया आहेत. तेव्हा ‘या लोकांना यंत्र काय कळणार’ हा प्रश्न विचारणाऱ्याने आपले अज्ञान तपासावे.

वीज कुणाच्या मालकीची, हा प्रश्न आमच्या चळवळीला नवा नाही. डॉ. बाबासाहेब आंबेडकर व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खात्याचे सदस्य होते, तेव्हा पाणी आणि वीज हे विषय त्यांच्याकडे होते. ऑक्टोबर १९४३ मध्ये विजेसंबंधीच्या धोरण समितीपुढे बोलताना त्यांनी पहिलाच मुद्दा मालकीचा मांडला: वीज खाजगी असावी की सरकारी? स्वस्त आणि मुबलक विजेशिवाय उद्योग नाहीत आणि उद्योगांशिवाय गरिबाची दारिद्र्यातून सुटका नाही, ही त्यांची भूमिका होती. बाबासाहेबांनी धरणांच्या आणि वीजकेंद्रांच्या पातळीवर विचारलेला प्रश्न आपण डम्पिंगच्या पातळीवर विचारायचा आहे.

कायद्यात वाट आहे. २००३ च्या वीज कायद्याने वीजनिर्मितीसाठी परवान्याची अट काढून टाकली. २००५ च्या वीज नियमांनी स्वतःच्या वापरासाठी वीज करणाऱ्यांत नोंदणीकृत सहकारी संस्थेला जागा दिली आणि मालकीच्या व वापराच्या अटी सभासदांनी मिळून पूर्ण कराव्यात, असे सांगितले. २०२२ च्या हरित ऊर्जा नियमांनी खुल्या वापरासाठीची एक मेगावॅटची मर्यादा १०० किलोवॅटवर आणली. तीन-चार छोट्या टर्बाइनचे केंद्र या मर्यादेत बसते. कचरावेचकांना व्यवस्थेत सामावून घेण्याचे कर्तव्य २०१६ च्या नियमांनी स्थानिक संस्थांवर टाकले होते. हे धागे एकत्र बांधले तर कचरावेचकांची आणि वस्तीची सहकारी संस्था, महापालिका आणि वीज यांचा करार होऊ शकतो. या वाटेने आजवर आपल्यापैकी कुणी चालून पाहिले नाही, एवढेच.

म्हणून आमच्या मागण्या साध्या आहेत. कोणत्याही डम्पिंगचा ठेका देण्याआधी तिथला गॅस मोजून आकडे वस्तीसमोर, मराठीत जाहीर करावेत. गॅसची वीज पहिल्यांदा त्या वॉर्डातील महापालिकेच्या शाळांना, दवाखान्यांना आणि पाण्याच्या पंपांना मिळावी. गोवंडी-मानखुर्दच्या पोराने ज्या कचऱ्याचा धूर गिळला, त्या शहराच्या कचऱ्याच्या विजेवर त्याची अभ्यासिका रात्री उजळली पाहिजे. यंत्रणेतील नोकऱ्यांत कचरावेचकांच्या कुटुंबांना प्रशिक्षणासह अग्रहक्क असावा आणि तो करारात लिहिलेला असावा. कार्बन क्रेडिटचा पैसा आला तर त्यातील ठरावीक वाटा वस्तीच्या आरोग्यावर खर्च व्हावा. आणि गॅसच्या नावाखाली कुंपण घालून कचरावेचकाला उपाशी मारू नये. त्याला वर्गीकरणासाठी सुरक्षित शेड आणि ओळखपत्र द्यावे.

शेवटी पुन्हा देवनारकडे येऊ, कारण तिथे माणसांचे जीव पणाला लागले आहेत. २००० च्या आणि २०१६ च्या नियमांत एक कलम होते. बंद केलेल्या भरावभूमीवर पंधरा वर्षे देखरेख झाल्यावर, गॅस आणि झिरपणारे पाणी मर्यादेत आहे आणि जमीन स्थिर आहे अशी खात्री पटल्यावरच तिथे मानवी वस्तीचा विचार करता येईल. सरकार म्हणेल, आम्ही कचराच उचलणार, मग कलम कुठे लागू होते? नियम बदलतील, त्यांचे अर्थही लावले जातील. मातीखालचा गॅस मात्र राजपत्र वाचत नाही. जवळपास शंभर वर्षे कचरा जिरलेल्या जमिनीवर घरे उभी करायची असतील, तर सरकारने आणि बिल्डरने नेमलेले सोडून स्वतंत्र तज्ज्ञांनी गॅस मोजला पाहिजे आणि ते आकडे त्या घरात राहायला जाणाऱ्याच्या हाती पडले पाहिजेत. धारावीतून अपात्र ठरवून इथे कुणाला पाठवले जाईल, हे सांगायला ज्योतिषी लागत नाही. ज्यांनी डम्पिंगच्या शेजारी आयुष्य काढले त्यांच्याच भावंडांना आता डम्पिंगच्या वर राहायला पाठवायचे, यालाच पुनर्विकास म्हणतात काय?

२९ फेब्रुवारी २०१६ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने डम्पिंगची व्यवस्था होईपर्यंत शहरातील नव्या बांधकामांना परवानगी देऊ नये असा आदेश दिला, तेव्हा सारे शहर खडबडून जागे झाले. देवनारचा धूर नाकात गेल्याने झोपेतून न उठलेले शहर बिल्डरांची कामे अडल्यावर उठले. यातून आपण धडा घ्यायचा तो एवढाच की दया मागून काही मिळत नाही, हक्क मागितला तरच मिळतो. वॉर्डावॉर्डांतील आपल्या मंडळांनी, बुद्धविहारांनी, महिला बचत गटांनी माहितीच्या अधिकारात महापालिकेकडे तीन प्रश्नांचे अर्ज टाकावेत: आमच्या डम्पिंगवर गॅस किती? तो जातो कुठे? त्याचा पैसा कुणाच्या खिशात? उत्तर आले तर ते सभेत वाचून दाखवा. नाही आले तर अपील करा. शिका, संघटित व्हा, संघर्ष करा म्हणजे दुसरे काय?